सहा करवंट्या

आमच्या घरी येणाऱ्या माणसाला आधी घर दिसायचं नाही, आधी वास यायचा. कोकणातल्या घरांना आपापला वास असतोच. कुणाकडे सुक्या मासळीचा, कुणाकडे गवतात पिकत घातलेल्या आंब्यांचा, कुणाकडे गोठ्याचा. आमच्याकडे हे सगळे होते, पण त्या सगळ्यांना मागे सारून पुढे यायचा तो पावडरीचा वास. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टाकून जातो ना, ती टीसीएल पावडर. चिऱ्यांच्या गडग्यातून आत पाऊल टाकलं की नाकात झिणझिण्या यायच्या. आईच्या हातचं कुळथाचं पिठलं पानात वाढलेलं असायचं, वर लसणीची फोडणी, आणि घास तोंडाशी नेला की आधी पावडर नाकात. मी आज अडुसष्ट वर्षांची आहे. अजून तो वास आला की माझी भूक मरते. आणि नशीब बघा, पुढे माझ्या मुलाच्या घरीही तोच वास आला. पण त्याच्याकडे मागाहून येते, आधी अण्णांचं सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते बोटीवर होते. आमच्या बाजूला अमका बोटीवर आहे म्हटलं की त्या घरात बायका आणि म्हातारी माणसंच दिसणार हे समजून घ्यायचं. अण्णा वर्षा-दीड वर्षाने येत, महिनाभर राहत, आणि त्यांची ओळख होते न होते तोवर परत जात. शेवटची काही वर्षं ते एका मोठ्या प्रवासी बोटीवर होते. तिथे वरच्या डेकवर म्हणे पोहण्याचा तलाव होता, आणि त्याचं पाणी राखायचं काम अण्णांकडे होतं. मग साखळीत सापडून त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली आणि ते कायमचे घरी आले. आठ दिवस पडवीत नुसते बसून होते. नवव्या दिवशी घरासमोरच्या खळ्याच्या खालच्या अंगाला दोरी धरून खुंट्या ठोकायला लागले. आईला वाटलं गोठा वाढवतायत. ती बिचारी खूश झाली. चार दिवसांनी तिने विचारलं, "गुरं एवढ्या खोल कशी बांधणार?" तेव्हा अण्णा म्हणाले, "गुरं नाही, मुली पोहणार आहेत."

पोहायची टाकी! आमच्या पूर्णगडाकडच्या त्या वाडीत, जिथे अर्ध्या घरांना अजून न्हाणीला दार नव्हतं. बारा पावलं लांब, सहा रुंद, एका टोकाला माझ्या कमरेएवढी खोल आणि दुसऱ्या टोकाला अण्णांच्या गळ्याशी. खाली कातळ, बाजूंनी चिरे, वर सिमेंटचा गिलावा. भरायला बावीचा, म्हणजे विहिरीचा, रहाट पाच दिवस वाजत होता. तो कुरकुर आवाज अजून माझ्या कानात आहे, आणि त्याच्या तालावर आईची कुरकुर. "लोक परदेशातनं घड्याळं आणतात, आमच्या ह्यांनी टाकी आणली डोक्यात घालून."

लोक हसले. पण अण्णांना धाकटी बहीण होती, इंदू. मी तिला पाहिलेलं नाही. आमच्या वाडीसमोर खाडी आहे, आणि पलीकडे जायला तेव्हा फक्त होडी होती. बाजार पलीकडे, दवाखाना पलीकडे, हायस्कूल पलीकडे. एका पावसाळ्यात होडी उलटली. काठ किती लांब होता? लोक सांगत की काठावरचा माणूस होडीतल्या माणसाशी हाक मारून बोलू शकत होता, इतका जवळ. पुरुष आणि मुलगे हातपाय मारून आले. इंदूआत्या आली नाही, कारण तिला पोहता येत नव्हतं. मुलींना पोहायला कोण शिकवणार? अण्णा तेव्हा कुठल्या तरी बंदरात होते. पत्र त्यांना दोन महिन्यांनी मिळालं. हे सगळं मला आईने सांगितलं. अण्णांनी त्या बहिणीचं नाव माझ्यासमोर एकदाही घेतलं नाही. त्यांनी टाकी बांधली, एवढंच.

सुरुवातीला आम्ही सहा-सात मुली उतरायचो. जुने फ्रॉक, कमरेला नाडी घट्ट. अण्णा काठावर उभे राहून, तीन बोटांचा हात हलवत ओरडायचे, "डोळे उघडे! पाण्यात डोळे मिटायचे नाहीत! डोळे मिटलेल्याला काठ दिसत नाही!" हा त्यांचा पहिला नियम. रोज पहिली उडी माझी. टाकी आमची, वडील माझे, मग मान माझाच. त्यात कुणी मध्ये आलं तर मी चिमटे काढायची. माझ्या मागून दुसरी उडी लताची. लता म्हणजे शेजारच्या गोदाकाकूंची मुलगी, माझ्याच वर्गातली, माझ्याच उंचीची. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एक गडगा, आणि त्या गडग्याचे वरचे दोन चिरे आम्ही ये-जा करून गुळगुळीत केलेले.

तर पहिल्या महिन्यात एक बेडूक आला. पाणी आहे म्हटल्यावर बेडूक येणारच, त्याला काय आमंत्रण लागतं? पण नेमक्या गोदाकाकू लताला न्यायला आल्या होत्या. त्यांनी बेडूक पाहिला आणि काठावरच कपाळाला हात लावला. "अगो बाय! ह्या पाण्यात माझी पोर तोंड घालते? उद्या तिला खरूज झाली तर, भाऊजी, तुम्ही औषध देणार हाय का?" गोदाकाकूंचे यजमान मुंबईला, घरी तीन मुलं, दोन म्हशी, सासू अंथरुणाला, त्या कुणावर चिडायच्या तर समोर येईल त्याच्यावर.  ते अण्णांना लागलं. बोटीवरच्या तलावात साहेब लोक उतरत, आणि त्याबद्दल कुणी तक्रार केली नव्हती. आणि इथे एका बेडकाने त्यांची अब्रू घेतली. दुसऱ्याच दिवशी ते रत्नागिरीला गेले आणि पावडरीचं पोतं घेऊन आले.

पावडर मोजायला आधी त्यांनी पत्र्याचं माप घेतलं. महिन्यात ते मापच पावडरीने खाल्लं, तळाला चाळण झाली. तेव्हाच कुणी शहाण्याने ओळखायला हवं होतं. अण्णांनी काय केलं? मापाच्या जागी नारळाची करवंटी घेतली. रोज सकाळी एक करवंटी. पोतं पडवीत, तोंड उघडं. आता आमच्याकडची खारी हवा आणि दमट भिंती. मीठसुद्धा चार दिवसांत पाणी सोडतं, पावडरीचा जोर किती राहणार? जोर उडाला की टाकीच्या कडेला हिरवं धरायचं. हिरवं दिसलं की अण्णा एक करवंटी वाढवायचे. एकाच्या दोन, दोनाच्या तीन. वैशाख लागेपर्यंत सहा झाल्या. पाणी बदलायची सोय नव्हती, कारण मे महिन्यात बावीचा तळ दिसायला लागतो आणि आई रहाटाला हात लावू द्यायची नाही. म्हणजे पाणी तेच, आणि पावडर मात्र रोज नवी.

आमची दशा काय वर्णू? डोळे असे लाल की शाळेत बाईंनी विचारलं, रात्री झोपत नाही का गं? केस काथ्यासारखे झाले, आणि रंगही तसाच, नारळाच्या सोडणासारखा तांबूस. आई तेल चोपडून चोपडून थकली. अंगाला खाज. माझा निळा फ्रॉक आधी आभाळासारखा झाला आणि मग पावसाळी आभाळासारखा. लताच्या पायातले चांदीचे वाळे काळे पडले. ते तिच्या आजीचे. गोदाकाकूंनी राखेने घासघास घासले. एकेक मुलगी यायची बंद झाली. कुणाला सर्दी, कुणाला मामाकडे जायचं. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, अण्णांना सोडून. मी सांगायची, "अण्णा, डोळे चुरचुरतात." ते म्हणायचे, "चुरचुरतात म्हणजे पाणी स्वच्छ आहे." मी म्हणायची, "अण्णा, खोकला येतो." ते म्हणायचे, "छातीतली घाण निघते." काय बोलणार अशा माणसापुढे? भिंतीला सांगितलं तर निदान आवाज परत येतो.

आणि अळू! आमच्या न्हाणीच्या मागे आईचं अळू होतं. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेलं, कानाएवढ्या पानांचं नव्हे, चांगलं सुपाएवढ्या पानांचं. वाडीत कुणाकडे कार्य असलं की फदफद्याला पानं आमच्याकडून जायची, आणि त्याचा आईला केवढा तोरा! उन्हाळ्यात पाणी कमी म्हणून अण्णांनी युक्ती काढली, की टाकीतलं चार बादल्या पाणी रोज संध्याकाळी अळवाला सोडायचं. आठ दिवसांत पानांच्या कडा करपल्या. पंधरा दिवसांत अळू आडवं. आई न्हाणीच्या दारात उभी राहून बघत होती. मग ती पडवीत आली आणि म्हणाली, "माझ्या अळवाने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"ऊन लागलंय त्याला," अण्णा म्हणाले.

"ऊन! जन्मभर उन्हातच आहे ते. पोरींना तेच पाणी, अळवाला तेच पाणी. अळू बोलत नाही म्हणून मेलं. पोरी बोलतात, तर त्यांचं ऐका."

अण्णांनी पेपर तोंडासमोर धरला. त्या दिवसापासून घरात फदफदं झालं नाही, आणि आई ताक वाढताना पातेलं जरा जास्तच आपटायला लागली.

आता जरा अलीकडचं सांगते, कारण गेल्या महिन्यापर्यंत तोच वास माझ्या खिडकीतून यायचा. माझा मुलगा प्रशांत. अण्णांमागे घर माझ्याकडे आलं, आणि त्याने त्याच वाडीत, त्याच जागेवर घराला जोडून पाहुण्यांच्या खोल्या काढल्या, आणि अण्णांची टाकी मोठी करून निळ्या फरशा बसवल्या. स्विमिंग पूल! पुण्या-मुंबईचे पाहुणे येतात. समुद्र दहा मिनिटांवर आहे, पण त्यांना हे पाहिजे. प्रशांतकडे पाणी तपासायच्या पट्ट्या आहेत, इंजिनियर झालेला आहे, सगळं आहे. तरी ओतायचा. मी म्हटलं, "अरे, पट्टी काय सांगते ते बघ ना." तर म्हणे, "आई, वास आला नाही तर गेस्टना वाटतं पाणी साफ नाही." झालं! आजोबाला बेडकाची लाज, नातवाला गेस्टची. मध्ये मी. त्याची मुलगी संध्याकाळी लाल डोळे घेऊन माझ्या मांडीवर यायची आणि मी तिच्या पापण्यांवर दुधाचा बोळा ठेवायची, जसा आई माझ्या ठेवायची. तोंड दुखलं सांगून सांगून.

असो. लताकडे येते. आमच्या वाडीतली शाळा सातवीपर्यंत. त्या वर्षी आम्ही दोघी सातवी झालो, आणि जूनपासून आठवीला खाडीपलीकडे जायचं होतं, रोज होडीने. माझं ठरलेलं होतं. लताचं नव्हतं. गोदाकाकू म्हणत होत्या, "इंदूचं काय झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माझी पोर मी होडीत घालणार नाय." लता हुशार, गणितात माझ्यापेक्षा किती तरी पुढे, माझी सगळी गणितं तिच्या वहीतून आलेली. तिने आईला रडून, अन्न सोडून शेवटी एक कबूल करून घेतलं. पोहून दाखवायचं. टाकीची लांबी आठ वेळा, मध्ये काठ न धरता, गोदाकाकूंच्या समोर. दाखवलं तर हायस्कूल. नाही दाखवलं तर घर, म्हशी आणि आजीचं दुखणं.

म्हणून सगळ्या मुली गेल्या तरी लता येत राहिली. डोळे सुजायचे, तरी यायची. घरून येताना खोबरेल तेलाची वाटी आणायची; आम्ही पापण्यांना तेल लावायचो आणि उतरायचो. तिच्या सहा लांब्या व्हायला लागल्या, मग सात. मग एकदा आठ झाल्या, आणि तिने काठावर डोकं टेकून इतका वेळ दम खाल्ला की मला वाटलं रडतेय. हसत होती. अण्णांनी त्या दिवशी तिला स्वतःच्या हातांनी फणसाचं सांदण आणून दिलं, तीन बोटांत धरून. मला नाही दिलं. माझ्या दहा लांब्या व्हायच्या, पण माझं कौतुक कधी झालं नाही. ते मला बोचलं, हे आज लिहायला हरकत नाही.

दिवस ठरला. शाळा उघडायच्या आधीचा आठवडा, सकाळी, म्हशींचं आटपून गोदाकाकू येणार. आदल्या दिवशी पोत्यातली पावडर संपली. अण्णा रत्नागिरीला गेले आणि या वेळी पोतं न आणता बंद झाकणाचा ड्रम घेऊन आले. दमलेले होते. जेवताना मला म्हणाले, "सुमे, सकाळी मी होडीवाल्याकडे जाऊन येतो, तुमचं दोघींचं होडीचं बोलून ठेवतो. टाकीत तेवढी पावडर घाल. रोजच्यासारख्या सहा."

सकाळी मी ड्रमचं झाकण उघडलं आणि मागे सरले. डोळ्यांतून पाण्याच्या धारा. पोत्यातली पावडर ओलसर, ढेकळं झालेली असायची. ही कोरडी, पिठासारखी, आणि वास असा की घशाला कुणी चिमटा घ्यावा. मला कळलं. मी तेरा वर्षांची होते, पण मला स्वच्छ कळलं की ही पावडर वेगळी आहे, हिच्या सहा म्हणजे पोत्यातल्या सहा नव्हेत. मी करवंटी हातात घेऊन उभी राहिले. आणि माझ्या मनात आलं ते मी आज इतक्या वर्षांनी जसंच्या तसं लिहिते. मनात आलं, घालते सहा. सांगितल्यात ना सहा? कधी ऐकलंय माझं? आज गोदाकाकूंसमोर सगळ्यांचे डोळे लाल होऊ देत, खोकू देत, म्हणजे तरी ह्यांना कळेल. लताचा विचार माझ्या मनात आलाच नाही, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आला होता. सांदणही आठवलं होतं.

मी सहा घातल्या. काठाने पांढरा फेस धरला. मग गोदाकाकू आल्या, हातात विळा तसाच, घाईत. अण्णा आले, खुशीत; होडीवाला म्हणे दोघींना पुढच्या फळीवर बसवणार होता. आई पदराला हात पुसत आली. लताने फ्रॉकची नाडी बांधली, पापण्यांना तेल लावलं आणि माझ्याकडे बघितलं. रोज पहिली उडी माझी ना! मी म्हटलं, "तू जा. आज तुझा दिवस आहे."

ती उतरली. पहिली लांबी झाली. दुसरी झाली. अण्णा मोजत होते, "दोन! डोळे उघडे, बाये, डोळे उघडे!" आणि तिने उघडे ठेवले, कारण तिला तसंच शिकवलेलं. तिसऱ्या लांबीत मधोमध तिचे हात थांबले. तोंड वर आलं, पण खोकलासुद्धा फुटेना, पाण्यातून बाहेर काढलेल्या माशासारखी ती नुसती तोंड उघडत होती. डोळे घट्ट मिटलेले. काठ दोन हातांवर, आणि ती भलत्याच दिशेला चाचपडत होती.

अण्णा कपड्यांनिशी उतरले. तिला वर काढलं, खळ्यात पालथं घातलं, आईने बावीच्या पाण्याच्या कळशाच्या कळशा तिच्या तोंडावर ओतल्या. ती खोकायला लागली, तेव्हा कुठे आम्ही श्वास घेतला. गोदाकाकूंच्या हातातला विळा कधीच पडला होता. त्यांनी लेकीला पोटाशी धरलं आणि अण्णांकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, पोरींना पोहायला शिकवताय की मारताय? एक इंदू पुरली नाय तुम्हाला?"

वाडीत अण्णांसमोर ते नाव कुणी घेत नसे. अण्णांच्या कपड्यांतून पाणी गळत होतं. ते म्हणाले, "वहिनी, चूक माझी. पावडर मी घातली. हात जास्त पडला."

मी तिथेच उभी होते. तोंड उघडलं नाही. गोदाकाकू लताला घेऊन गेल्या, गडग्यावरून नाही, समोरच्या वाटेने. मग अण्णा पडवीत गेले, ड्रमचं झाकण उघडलं, वाकून हुंगलं आणि झटकन मागे झाले. बराच वेळ खोकत राहिले. मग मला विचारलं, "वास आला नव्हता तुला?"

"आला होता."

"मग?"

"तुम्ही ऐकता कुठे?" मी म्हटलं.

 मला मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी करवंटी उचलली, चुलीत घातली आणि ती जळेपर्यंत बघत बसले.

लताच्या छातीत महिनाभर धरल्यासारखं होत होतं, डोळ्यांवर चार दिवस पट्टी. शाळा उघडली. मी होडीत पुढच्या फळीवर एकटी बसले. अण्णांनी टाकीत पावडर घालणं थांबवलं. पाऊस आला, टाकी भरून वाहिली, जुनं पाणी निघून गेलं. रोज सकाळी चहा घेऊन ते काठावर जाऊन बसायचे. कशाची वाट बघतायत हे कुणाला कळेना. आणि श्रावणात एके सकाळी मी होडी गाठायला दप्तर घेऊन निघाले, तर ते ओरडत आले, "सुमे! आला गं, आला! बेडूक आला!" एवढा मोठा माणूस, खळ्यातून धावत. आणि तसेच गडग्यापाशी जाऊन हाका मारायला लागले, "वहिनी, ओ वहिनी! टाकीत बेडूक आलाय! पाणी चांगलं झालं! लताला पाठवा!"

गोदाकाकू गोठ्याच्या दारात आल्या. शांतपणे म्हणाल्या, "बेडूक पोहतो हो, भाऊजी. त्याला शाळेत जायचं नसतं."

त्यांच्या मागे लता उभी होती, शेणाचे हात घेऊन. मी दप्तर घेऊन. आम्ही एकमेकींकडे बघितलं, आणि मला होडीला उशीर होत होता.

लता शाळेत गेली नाही. काही वर्षांनी तिचं लग्न झालं, देवरूखच्या बाजूला, डोंगरातल्या गावात, जिथे खाडी नाही, होडी नाही, काही नाही. टाकीत पुढे वाडीतल्या कितीतरी मुली पोहायला शिकल्या, अण्णांनी हौसेने शिकवलं. पण जिच्यासाठी ते पाण्यात उतरले होते ती पुन्हा कधी टाकीत उतरली नाही.

गेल्या महिन्यात ती भाच्याच्या लग्नाला वाडीत आली होती. माझ्याकडे दोन दिवस राहिली. संध्याकाळी आम्ही प्रशांतच्या त्या निळ्या पाण्याच्या काठावर खुर्च्या टाकून बसलो. नात पाण्यात होती. लता वाकली, पाण्यात बोटं बुडवून हुंगली, आणि तिचा चेहरा असा झाला की मला बसवेना. मी म्हटलं, "लते, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी पावडर अण्णांनी नाही घातली. मी घातली. आणि मला वास आला होता."

ती बोटं पदराला पुसत राहिली. मग म्हणाली, "ठाऊक आहे गो मला."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? रोज पहिली उडी तुझी असायची. त्या दिवशी नाही मारलीस."

पंचावन्न वर्षं तिला ठाऊक होतं. दर दिवाळीला ती मला फराळाचा डबा पाठवते. मी म्हटलं, "उद्या उतरूया का आपण दोघी? मी धरते तुला." तर हसली. "आता कशाला गो? खाडीवर पूल झालाय." तेवढ्यात नात काठाशी आली, डोळे चोळत. लताने तिची हनुवटी धरून डोळ्यांत बघितलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "अजून सहाच का गो?"

त्या रविवारी ती गेली, आणि तिला गाडीत बसवून आले ती मी तडक पंपाच्या खोलीत गेले. पावडरीचा ड्रम ओढत आणून माझ्या खाटेखाली ठेवलाय. सूर्य कलला की मी स्वतः पट्टी बुडवून बघते आणि लागेल तेवढीच मोजून घालते, आणि त्यानंतर सकाळपर्यंत कुणाला पाण्यात उतरू देत नाही. प्रशांत तीन आठवडे माझ्याशी नीट बोलत नाही. पाण्याला वास नाही म्हणून दोन पाहुण्यांनी तोंडं वाकडी केली. त्याने ओरडून विचारलं, "आई, तुला नक्की काय पाहिजे?" सांगितलं तर हसेल, म्हणून सांगितलं नाही. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी काठावर जाऊन बसते. नातीचे डोळे आता बरे आहेत. बेडूक अजून आलेला नाही.